सायकल ट्रॅक नंतर, आधी साईडपट्टी मागा

जळगावच्या एमआयडीसीत सकाळच्या पाळीला निघालेल्या माणसाला कुणी 'सायकलस्वार' म्हणत नाही. तो डाळ मिलमधला किंवा चटईच्या कारखान्यातला कामगार असतो आणि सायकल हे त्याचं कामावर पोचायचं साधन. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागेकडे निघालेला सालदार, कॅरियरला दोन्हीकडे कॅन टांगलेला दूधवाला, शहादा-तळोद्याकडच्या रस्त्यांवर तिघी-चौघींच्या जथ्यानं शाळेला जाणाऱ्या मुली, हे सगळे रोज सायकल चालवतात आणि सायकल दिनाच्या रॅलीत यांतलं कुणीही नसतं. रॅलीत टी-शर्ट असतात.

या लोकांचा रस्ता सुरक्षित व्हावा म्हणून गावपातळीवर नेमकं काय करायचं, ते इथे लिहितोय. मी शाळेत शिकवायचो, चौदा वर्षं सायकलनंच गेलो. एका संध्याकाळी मागून उसाची ट्रॉली आली, हॉर्न वाजला, सवयीनं रस्त्याच्या खाली उतरलो आणि मनगट मोडून घेतलं. रस्ता दोन महिन्यांपूर्वीच झाला होता, गुळगुळीत होता. पण डांबराची कड आणि बाजूची माती यांत वीतभर फरक होता. प्लास्टर निघाल्यावर पट्टी घेऊन मोजलं, तर १४ सेंटिमीटर भरलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. खान्देशातल्या बहुतेक रस्त्यांवर सायकल ट्रॅक मागणं म्हणजे दहा वर्षं वाट बघणं, आणि झालाच तर त्यावर भाजीच्या गाड्या आणि बुलेट उभ्या राहणार. मोठ्या शहरांत हे होऊन गेलंय. आपल्याकडे माणूस पडतो तो साईडपट्टीवर, म्हणजे डांबराच्या कडेला लागून असलेल्या कच्च्या पट्टीवर. म्हणून सुरुवात तिथून करा.

आधी चालवून बघा, मग बोला

पहिल्या आठवड्यात कुठलंही पत्र लिहू नका. एक रस्ता निवडा, तीन ते पाच किलोमीटरचा, ज्यावर रोज सायकली जातात. शाळेचा असेल तर उत्तम. त्यावरून स्वतः सायकलनं जा, आणि ज्यांची रोजची वाट आहे त्यांच्या वेळेला जा. सकाळी अकरा वाजता मोकळ्या रस्त्यावरून फेरी मारून काही कळत नाही.

वेळेचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. मजूर पहाटे पाचला घर सोडतात आणि ऊन उतरल्यावरच परततात. म्हणजे वर्षातले कितीतरी दिवस सायकल अंधारात किंवा झुंजूमुंजू असताना रस्त्यावर असते. पुढे दिवाळीनंतर दिवस लहान होतो, त्याच वेळी कापसाचे ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, सायकलला तर नसतोच. तेव्हा पाहणी दोनदा करा: एकदा उन्हाळ्यात पहाटे, एकदा हंगामात संध्याकाळी साडेपाच ते सात. एकच जमत असेल तर संध्याकाळची.

सोबत मीटर टेप, वही आणि फोन. नोंदवायच्या गोष्टी अशा:

- डांबराच्या कडेपासून साईडपट्टी किती खाली आहे. दर दोनशे मीटरवर मोजा आणि टेप दिसेल असा फोटो काढा. नुसत्या खड्ड्याचा फोटो कुणालाही दहा सेंटिमीटरचा किंवा दोन सेंटिमीटरचा वाटू शकतो.
- साईडपट्टी किती रुंद आहे आणि तिच्यात काय भरलंय, मुरूम की शेतातली काळी माती.
- वेडी बाभूळ किंवा काटेरी झुडपं रस्त्यावर कुठे आली आहेत.
- सायकली कुठे रस्ता ओलांडतात आणि कुठे उलट दिशेनं येतात.
- किलोमीटरच्या दगडावरचा आकडा. जागा सांगताना 'पाटलांच्या मळ्याजवळ' लिहिलंत तर कार्यालयात कुणाला कळत नाही, 'कि.मी. ७/४०० ते ७/८००' लिहिलंत तर कळतं.

मग सायकलींची मोजणी. एका ठिकाणी बसा, दर पंधरा मिनिटांचा रकाना करा, सायकली आणि अवजड वाहनं वेगवेगळी मोजा. मुली, मुलं, मोठी माणसं असा फरक केला तर फार उपयोग होतो. हे काम नववीच्या मुलांना द्या, ती आपल्यापेक्षा चोख करतात. 'या रस्त्यावर सायकलवाले फार आहेत' याला कुणी विचारत नाही. 'संध्याकाळी पाच ते सहा या एका तासात ११८ सायकली गेल्या, त्यांत ७४ विद्यार्थिनी' असं लिहिलं की अभियंता मान वर करतो. आकडे अर्थात तुमचे तुम्ही मोजलेलेच हवेत. एकदा फुगवलेला आकडा पकडला गेला की पुढची दहा पत्रं वाया.

काळ्या मातीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपला सगळा प्रश्न तिच्यात अडकलाय. रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला की तो तीन ते पाच सेंटिमीटरनं वर येतो. दोन-तीनदा थर पडले आणि बाजू भरली नाही की पायरी तयार होते. बाजू मुरमानं भरून, पाणी मारून, रोलर फिरवून दाबायची असते. मुरूम लांबून आणावा लागतो, माती तर शेजारच्या नाल्यातच असते, म्हणून पुष्कळ ठिकाणी जेसीबीनं मातीच ओढून लावतात. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसात लोण्यासारखी होते. सायकलचं पुढचं चाक तिच्यात गेलं की माणूस डांबराच्या बाजूला पडतो, म्हणजे मागून येणाऱ्या वाहनापुढे. नोंदीत याला 'चालकाचा तोल गेला' म्हणतात.

हाई सडक कोनी शे?

अहिराणीतला हा प्रश्न, म्हणजे 'हा रस्ता कुणाचा आहे?', विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. अर्धी निवेदनं चुकीच्या कार्यालयात जातात आणि तिथेच मरतात.

ओळखायची सोपी खूण म्हणजे किलोमीटरचा दगड. वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग. हिरवा असेल तर राज्य महामार्ग. काळा, निळा किंवा नुसता पांढरा असेल तर जिल्हा किंवा शहराचा रस्ता, आणि केशरी असेल तर ग्रामसडक योजनेतला. दगडच नसेल तर ग्रामपंचायतीच्या शिपायाला विचारा, त्याला तलाठ्यापेक्षा जास्त माहीत असतं.

राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे धुळे-पारोळा-एरंडोल-जळगाव-भुसावळ हा ५३ क्रमांकाचा किंवा शिरपूर-धुळे-चाळीसगाव हा ५२ क्रमांकाचा, यांची जबाबदारी महामार्ग प्राधिकरणाकडे किंवा बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. तक्रारीचा फोन १०३३. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. शहरातले रस्ते नगरपालिकेचे, जळगाव-धुळ्यात महानगरपालिकेचे. रेल्वेखालच्या बोगद्यात पाणी साचत असेल तर रेल्वे आणि रस्त्याचा मालक दोघांनाही पत्र द्या, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

रस्ता नवा असेल तर कामाचा फलक शोधा. त्यावर ठेकेदार, रक्कम आणि 'दोषदायित्व कालावधी' लिहिलेला असतो. तो कालावधी संपेपर्यंत दोष ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा असतो. 'निधी नाही' हे उत्तर इथे चालत नाही. मी ज्या रस्त्यावर पडलो तिथे फलक झुडपात उपडा पडला होता. उभा करून फोटो काढला, आणि पुढची सगळी लढाई त्या फोटोवर झाली.

काय मागायचं

एका पत्रात एक जागा, एक मागणी. 'तालुक्यातील सर्व रस्ते सायकलसाठी सुरक्षित करावेत' या वाक्यावर 'नोंद घेतली' एवढंच उत्तर येतं.

गावाबाहेरच्या रस्त्यासाठी मागणीचा क्रम माझ्या मते असा असावा. पहिली, दोन्ही बाजूंना किमान दीड मीटर मुरमाची, दाबलेली, डांबराच्या पातळीची साईडपट्टी. दुसरी, पावसाळ्यानंतर झुडपं कापणं, कारण बाभळीची फांदी सायकलवाल्याला वळणावर रस्त्याच्या मध्यात ढकलते, आणि हे काम सगळ्यात स्वस्त. तिसरी, कडेचे पांढरे पट्टे आणि वळणावर रिफ्लेक्टरचे खांब, कारण काळोखात डांबर कुठे संपतं हे ड्रायव्हरलाही दिसत नाही. चौथी, शाळेजवळ वेग कमी करण्याची सोय.

गतिरोधकाबद्दल सावध राहा. आपल्याकडे रातोरात हातभर रुंद आणि गुडघ्याएवढा उंच ढिगारा टाकतात. त्यावर दूधवाल्याचे कॅन सांडतात, टेम्पोवाला मात्र तसाच पुढे जातो. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी-९९ या मानकात दिलेलं माप वेगळं आहे: गोलाकार, वाहनाच्या दिशेनं ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच, ताशी सुमारे २५ किलोमीटरनं ओलांडता येईल असा. आधी फलक आणि वर रंगाचे पट्टे हवेतच. पत्रात हे माप लिहा. राष्ट्रीय महामार्गावर मात्र गतिरोधक मागू नका, ते धोरणात बसत नाही. तिथे भुयारी मार्ग, सर्व्हिस रोड, सिग्नल असं मागावं लागतं. जळगावात महामार्गालगतच्या समांतर रस्त्यांची मागणी किती वर्षं चालली हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेवढा दम असेल तरच त्यात पडा.

वेगाचा हिशेब सभेत सांगायला सोपा आहे. ताशी ६० नं येणारा टेम्पो एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे सरकतो. ड्रायव्हरला सायकल दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत तो सेकंद गेलेला असतो. ३० चा वेग असेल तर तेच अंतर आठ मीटर. माणसं आणि गाड्या मिसळतात तिथे वेगमर्यादा ताशी ३० हवी, हे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जगभरच्या देशांनी मान्य केलेलं आहे.

शहराच्या आतला प्रश्न वेगळा. धुळ्याच्या जुन्या गल्ल्या, अमळनेर-चोपड्याचे बाजाररस्ते, इथे वेग नसतो, गर्दी असते. तिथे सायकलवाल्याला उभ्या गाड्यांचे दरवाजे, गटारींची तुटलेली झाकणं आणि सायकलच्या चाकाला समांतर असलेल्या लोखंडी जाळ्या छळतात. जाळी आडवी बसवा, ही मागणी एका दिवसाच्या कामाची आहे आणि नगरसेवकाला फोटोही मिळतो. त्याला फोटो मिळू द्या.

पत्र कसं लिहायचं

साधं, एका पानाचं. नमुन्यादाखल:

'विषय: (गाव) ते (गाव) रस्त्यावर कि.मी. ७/४०० ते ७/८०० दरम्यान साईडपट्टी भरणेबाबत. महोदय, सदर ठिकाणी डांबरी पृष्ठभाग व साईडपट्टी यांत १२ ते १४ सें.मी. फरक आहे. दि. … रोजी सायं. ५ ते ६ या वेळेत येथून … सायकली गेल्याची नोंद सोबत जोडली आहे, त्यांत … विद्यार्थिनी आहेत. फलकानुसार कामाचा दोषदायित्व कालावधी दि. … पर्यंत आहे. तरी साईडपट्टी मुरमाने भरून दबाई करून घ्यावी व केलेल्या कार्यवाहीबाबत लेखी कळवावे.'

खाली पाच सह्या पुरतात, पण त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीतल्या पालकांच्या असाव्यात. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. मुलीची आई अभियंत्याच्या टेबलासमोर उभी राहिली की खुर्ची पुढे येते. मी एकटा गेलो तेव्हा आली नव्हती.

पत्राच्या दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घ्या. व्हॉट्सॲपवर साहेबांना पाठवलेला फोटो म्हणजे पत्र नव्हे. साहेब बदलून गेले की तोही गेला.

पाठपुरावा

महिनाभर वाट बघा. मग एक-एक पायरी चढा.

ग्रामसभा सगळ्यात जवळची. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना ती साधारण होतेच. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांत जे कमी असेल ते लागतं. ठराव आधी लिहून न्या, तिथे सुचत बसू नका. रस्ता ग्रामपंचायतीचा नसला तरी ठरावाची प्रत पत्राला जोडली की त्याचं वजन वाढतं.

लोकशाही दिन जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी, तहसीलला तिसऱ्या सोमवारी. अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी लागते. इथे आमची पहिल्यांदा फजिती झाली, 'समस्त ग्रामस्थ' असा अर्ज परत आला. दुसऱ्यांदा एका पालकानं 'माझी मुलगी या रस्त्यानं शाळेत जाते' असा दिला, तो घेतला गेला.

माहितीचा अधिकार भांडणासाठी वापरू नका, कागद मिळवण्यासाठी वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, महाराष्ट्रात १५० शब्दांची मर्यादा, तीस दिवसांत उत्तर. मागा काय, तर त्या रस्त्याच्या कामाच्या अंदाजपत्रकाची आणि मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या वहीची, प्रत. मुरमाच्या साईडपट्टीचं बिल निघालेलं असेल आणि जागेवर काळी माती असेल, तर पुढे तुम्हाला फार बोलावं लागत नाही. उत्तर आलं नाही तर तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांच्या स्टॅम्पवर.

आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समिती. मोटार वाहन कायद्याच्या कलम २१५ मध्ये तिची तरतूद आहे. जिल्हाधिकारी, पोलीस, आरटीओ, बांधकाम विभाग, महामार्ग प्राधिकरण सगळे एका टेबलाशी बसतात, म्हणून 'ते आमच्याकडे नाही' हे वाक्य तिथे चालत नाही. बैठकीच्या आधी आरटीओ कार्यालयात निवेदन देऊन विषयपत्रिकेत जागा मिळवा. अपघातांची नोंद पोलीस ठाण्यातून घ्या. महामार्गाचा सुमारे ५०० मीटरचा तुकडा, जिथे तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले किंवा दहा माणसं गेली, तो केंद्राच्या व्याख्येप्रमाणे 'ब्लॅक स्पॉट' ठरतो आणि त्याच्या दुरुस्तीला प्राधान्य मिळतं. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९८-अ सुद्धा माहीत असू द्या: रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न ठेवल्यामुळे माणूस मेला किंवा अपंग झाला, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पहिल्याच भेटीत हे कलम टेबलावर आपटू नका. शेवटच्या पत्रात एक ओळ पुरते.

वेळ साधा. साईडपट्टीचं पत्र फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलं तर पावसाआधी काम होऊ शकतं. जूनमध्ये दिलं तर 'पावसाळ्यानंतर बघू'. निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवीन काम थांबतं, त्याच्या आधी कार्यारंभ आदेश निघेल असं बघा. रास्ता रोको मी टाळतो. त्यात अडकतात एसटीतली माणसं, आणि गुन्हे दाखल होतात पोरांवर.

रस्ता होईपर्यंत

कार्यालयाची वाट बघत सायकल अंधारात ठेवायची नाही. लाल रिफ्लेक्टिव्ह टेपचा एक रोल आणून मागच्या मडगार्डवर, पेडलवर, कॅरियरवर पट्ट्या लावा. एका दुपारी शाळेतल्या सगळ्या सायकली होतात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना मिळालेल्या सायकलींपासून सुरुवात करा. त्यांचे ब्रेक पहिल्या वर्षातच सैल झालेले असतात. गावातल्या सायकल दुरुस्तीवाल्याला महिन्यातून एक दिवस शाळेत बोलवा, रबरं बदलण्याचा खर्च ग्रामपंचायतीतून किंवा वर्गणीतून निघतो.

तसाच टेप ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना. हंगाम सुरू होताना साखर कारखान्याच्या किंवा जिनिंगच्या फाटकावर पोरं घेऊन उभं राहा, ड्रायव्हरला चहा द्या आणि ट्रॉलीच्या मागे पट्टी लावू द्या म्हणा. नाही म्हणणारा अजून भेटला नाही. वाळूच्या डंपरवाल्यांच्या वाटेला मात्र पोरांना पाठवू नका, तो विषय पोलीस आणि महसूलचा.

उलट दिशेनं येणाऱ्या सायकलवाल्यावर ओरडू नका. दुभाजकातला कट दीड किलोमीटर पुढे असेल तर कामाहून थकलेला माणूस तीन किलोमीटरचा वळसा घालणार नाही. तो उलटा का येतो हे नोंदवहीत लिहा, तोच पुढच्या पत्राचा विषय.

अपघात झालाच तर १०८ ला फोन आणि माणसाला दवाखान्यात. मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागतो या भीतीनं लोक फोटो काढून निघून जातात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव सांगायचीही सक्ती नाही. हे चौकातल्या पानटपरीवर लिहून चिकटवा. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलं नाही तरी मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार भरपाई मिळते, १ एप्रिल २०२२ पासूनची ही रक्कम आहे. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात. सालदाराच्या घरी हे कुणी सांगायला जात नाही, तुम्ही जा.

आमच्या रस्त्याची साईडपट्टी अकरा महिन्यांनी भरली गेली, चारशे मीटर मुरमाची. मी टेप घेऊन गेलो, फरक दोन सेंटिमीटर. पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा मोजलं, एका पुलाजवळ मुरूम वाहून सहा झाला होता. त्याचं पत्र आठ दिवसांत दिलं. आवक क्रमांक घेतलाय.